घरातली पहिली गाडी : जुना छोटा हत्ती



सोने, भांडी, साड्या, मुलांच्या फिया, दवाखाना या सगळ्यांत आपण बायका लक्ष घालतो. गाडीचा विषय निघाला की मात्र चहाचा ट्रे ठेवून आत जातो. पैसे आपल्याच ठेवीतले मोडायचे असले तरी. यंदा आमच्या घरात मालवाहू गाडी आली, तीही जुनी, आणि तिचा सगळा हिशेब मी आणि माझ्या धाकट्या जावेने मांडला. त्यातून जे कळले ते तुमच्या उपयोगाचे आहे म्हणून लिहिते.

माझे धाकटे दीर जाऊन दोन वर्षे झाली. शिरोळ तालुक्यात त्यांची तीन एकर शेती. थोडा ऊस, बाकी वांगी, काकडी, ढोबळी मिरची. पुतण्या बावीस वर्षांचा, शेती मनापासून करतो. माल कोल्हापूरच्या मार्केट यार्डात जातो, आठवड्याला तीन खेपा. दर खेपेला टेम्पोचे भाडे दीड हजार, आणि टेम्पोवाला त्याच्या सवडीने येणार. उशीर झाला की सौदे निघून गेलेले असतात आणि मिळेल त्या दराला माल द्यावा लागतो. म्हणून पुतण्याने हट्ट धरला की आपली गाडी घेऊ. घरात तोपर्यंत एक मोटारसायकल सोडली तर कोणतेच वाहन नव्हते.

जावेजवळ होती ती दिरांच्या पश्चात मिळालेली ठेव. तिच्या व्याजावर घरखर्चाचा बराच भाग चालतो. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही बी.कॉम. आहात. मला भावना सांगू नका, आकडे सांगा."

मग आम्ही वही घेऊन बसलो.

आधी भाड्याचा हिशेब. महिन्याला बारा खेपा, वर्षातले साधारण आठ महिने, म्हणजे ९६ खेपा. १,५०० रुपयांप्रमाणे वर्षाचे १,४४,००० रुपये. हा आकडा पाहून पुतण्या खूश झाला. "बघ आई, दोन वर्षांत गाडी फिटते!"

पण ही एकच बाजू झाली. आपली गाडी म्हणजे डिझेल आपले. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, खेपेला सुमारे ६०० रुपये, वर्षाचे ५७,६००. विम्याला १८,०००. फिटनेस, कर, पीयूसी मिळून ८,००० धरले. ऑईल, टायर, दुरुस्ती २५,०००. शिवाय घसारा. गाडी आणि सुरुवातीची डागडुजी मिळून २,७०,००० लागले आणि पाच वर्षांनी ती १,२०,००० ला गेली, तर वर्षाला ३०,००० रुपये झिजले. ही रक्कम कोणी हातात मागत नाही, म्हणून कोणी धरत नाही. आणि शेवटी ठेव मोडल्यामुळे बुडालेले व्याज, सात टक्क्यांनी १९,०००. एकूण १,५७,६००.

म्हणजे फक्त आपलाच माल नेला तर वर्षाला १३,६०० चा तोटाच. शेजारच्या शेतकऱ्यांचे दहा क्रेट प्रत्येक खेपेला घेतले, क्रेटला तीस रुपये, तर २८,८०० येतात. तेव्हा कुठे १५,२०० शिल्लक दिसते, तीही पुतण्याची मजुरी न धरता. फायदा आहे, पण तो हातातल्या वेळेचा. माल पहाटे वेळेवर पोचतो, हा खरा लाभ. "दोन वर्षांत फिटते" हे मात्र खरे नाही, हे त्याला वहीतच दिसले.

आता कोणती गाडी. पुतण्याच्या डोळ्यांत मोठी बोलेरो पिकअप होती. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पाहिली, नवा रंग, चकाचक हौदा, किंमत ४,६०,०००. "तीन लाखांचे कर्ज करून देतो," म्हणाला. चौदा टक्क्यांनी तीन वर्षे, म्हणजे महिन्याला दहा हजारांवर हप्ता. आमचे काम आठ महिन्यांचे आणि हप्ता बारा महिन्यांचा.

व्यापाऱ्याकडे त्याचेही उत्तर तयार होते. त्याच्या ओळखीत ब्रॉयलर कोंबड्यांच्या वाहतुकीचा ठेका होता. पोल्ट्रीवरून रात्री माल उचलायचा, शहरात पोचवायचा. महिन्याला पंचवीस हजार हमखास.

पुतण्या घरी येऊन गप्प बसला. रात्री मला म्हणाला, "काकू, मी कापत नाही ना. मी फक्त नेणार. मी नाही नेले तर दुसरा नेईल."

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्या मुलांना खरोखर पडतो. नुसते "आपल्यात चालत नाही" म्हटले तर ते ऐकून घेतात, पण पटत नाही. मी त्याला कृत, कारित आणि अनुमोदित सांगितले. स्वतः करणे, करवून घेणे आणि संमती देणे, तिन्हींचा दोष शास्त्राने मानला आहे. श्रावकाला शेती करताना उद्योगी हिंसा टळत नाही, नांगराखाली जीव जातात, हे मान्य आहे. पण ज्या खेपेचा हेतूच जीव मारायला नेणे आहे, तिचे भाडे घेणे हे त्यात बसत नाही. जे लोक ते काम करतात त्यांना मी नावे ठेवत नाही, प्रत्येकाचे पोट असते. आपण नियम घेतला आहे, एवढेच.

तो म्हणाला, "मग हप्ता कोण भरणार?"

आणि इथेच मला सगळ्या व्यवहाराची किल्ली सापडली. गाडी महाग घेतली की नाही म्हणायची सोय राहत नाही. दारात हप्ता उभा असला की कोंबड्याही न्याव्या लागतात, हौद्याच्या वर माल भरावा लागतो, झोप आलेली असताना रात्री मुंबईची खेप घ्यावी लागते. व्रत मोडायला माणूस वाईटच असावा लागतो असे नाही, कधी कधी नुसता हप्ता पुरतो. म्हणून ठरवले, कर्ज नको. रोखीत बसेल तेवढीच गाडी.

आमचा माल किती? पंचवीस क्रेट, प्रत्येकी वीस किलो, म्हणजे पाचशे किलो. शेजाऱ्यांचे दोनशे. टाटा एस, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात, ती २००५ मध्ये बाजारात आली ती अशाच कामासाठी. साधारण पाऊण टन माल नेते. आमचे काम तिच्यात बसते. मोठ्या पिकअपला दीड टन झेपतो, पण रिकामी जागा ओढण्यात डिझेलच जाते.

त्यात आणखी एक सोय आहे. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना काढावा लागत नाही. मोठ्या पिकअपपैकी काही या मर्यादेवर जातात, म्हणून आरसी बुकावरचे एकूण वजन वाचूनच बोलणी करा. आणि चालवण्याचे म्हणाल, तर कारचा म्हणजे हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीलाही चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्के केले. म्हणजे तुमच्यापैकी कार चालवणाऱ्या सुनाही ही गाडी चालवू शकतात.

गाडी तपासताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय फार उपयोगी पडला. हसू नका. अचौर्य व्रताचे अतिचार आठवा. तदाहृतादान म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. आज त्याचा अर्थ चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवणे. नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याचा कायदा चुकवणे. कर, फिटनेस, विमा, पीयूसी, थकलेले ई-चलान हे सगळे त्यात आले. बरीच माहिती परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की दिसते, बँकेचा बोजा आहे की नाही तेही. प्रतिरूपक व्यवहार म्हणजे खोट्याला खऱ्याचे रूप देणे. मीटर मागे फिरवणे आणि गंजावर रंग मारणे हेच की ते.

अहिंसाव्रताचा एक अतिचार आहे अतिभारारोपण. तो सांगितला बैलासाठी, हमालासाठी. पण जुन्या गाडीवर किती अतिभार टाकला होता ते तिचे पाटे सांगतात. मागचे पाटे सपाट झालेले असतील किंवा मूळ पाट्यांत जादा पाटा घातलेला असेल, तर समजा की गाडीने पेलणार नाही एवढा माल ओढला आहे. क्लचप्लेट आणि चेसीलाही ते भोवलेले असते.

आमच्या भागासाठी एक खास तपासणी आहे, ती पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोळ, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आम्ही पाहिलेली दुसरी गाडी अवघ्या १,९०,००० ला होती आणि वरून निर्मळ दिसत होती. आमच्या गॅरेजवाल्या फिटरने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. सीटखालचे बोल्ट गंजलेले, पायाखालचे मॅट उचलल्यावर कुबट वास. अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. जाऊ फक्त म्हणाली, "आमच्याच नदीचा गाळ," आणि आम्ही निघालो.

तिसरी गाडी एका किराणा दुकानदाराची. नऊ वर्षांची, एकहाती, मीटर ८६,०००. सकाळी इंजिन थंड असताना चालू करायला लावले, कारण गरम इंजिन खोटे बोलते. निळा धूर नाही. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून टायर जुने निघाले, मग त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. बॅटरीचेही तसेच. मागितले होते २,६०,०००, ठरले २,४५,०००. टायर, बॅटरी, ऑईल मिळून पंचवीस हजार वर गेले. मालवाहू गाडी आठ वर्षांवर गेली की फिटनेस दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावा लागतो, हे आधीच हिशेबात धरले होते.

पैसे बँकेतून दिले, पावती घेतली. नमुना २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी. आधीचे कर्ज फिटले होते, तरी बँकेचे पत्र आणि नमुना ३५ मागून घेतला, बोजा कागदावरून उतरल्याशिवाय आरसी आपल्या नावावर होत नाही. विमा नावावर करून घ्यायलाही चौदा दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. आणि आरसीवर नाव जावेचे. मुलगा जरा हिरमुसला, पण ठेव तिची, तर गाडीही तिची. मैत्रिणींनो, एवढे जरूर करा.

गाडी घरी आली तेव्हा चाकाखाली लिंबे चिरडली नाहीत. हळदीकुंकू लावले, णमोकार म्हटला आणि पुतण्याने आपणहून तीन नियम घेतले. जीव मारायला नेणारी खेप नाही. हौद्याच्या काठावर माल नाही. आणि दिग्व्रतासारखी मर्यादा, कोल्हापूर, सांगली, मिरज यापलीकडे आईला विचारल्याशिवाय नाही. तिसऱ्या नियमाने जावेची रात्रीची झोप वाचली, ते तिने मला नंतर सांगितले.

एक प्रश्न अजून उरला आहे. शेजारी म्हणतात, येताना आमची कीटकनाशके घेऊन ये. स्वतःच्या वांग्यांवर तो फवारणी करतोच, मग दुसऱ्यांची आणायला नाही कसे म्हणावे? मी त्याला उत्तर दिलेले नाही. यंदाच्या चातुर्मासात महाराजांपुढे तो स्वतः विचारणार आहे.

तोवर वही चालू आहे. डिझेल, खेपा, क्रेट, दुरुस्ती रोजच्या रोज लिहायचे, असे जावेला सांगितले आहे. पहिल्या महिन्यात बारापैकी बारा खेपा वेळेवर पोचल्या आणि शेजाऱ्यांचे १३० क्रेट गेले. त्याचे ३,९०० रुपये तिने ठेवीच्या खात्यात भरले.