चिखलातली वाट

गेल्या श्रावणात छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादमार्गे म्हैसमाळला आम्ही नऊजण सायकलींवरून निघालो. साठी उलटलेला मी एकटाच. बाकीची सारी पोरे. माझा मुलगाही त्यांत होता. जुने घर विकण्यावरून आम्हां बापलेकांचे बोलणे दोन महिने तुटले होते.

शूलिभंजनच्या बाजूने सडक सोडून आम्ही रानवाटेला लागलो. चढावर मुरूम होता; पाणी झिरपून जाई, चाके धावत. सखल भागात मात्र काळी माती लागली. ही माती पाणी पिऊन फुगते आणि धरले ते सोडत नाही. मडगार्डाखाली चिखल असा दाटला की सायकल ढकलता येईना, उचलवेना. पोरे पुढे निघून गेली. मी हाक मारली नाही. मानी माणसाची ती खोड.

थोड्या वेळाने मुलगा परतला. हातात पळसाची काटकी. मुकाट्याने बसून तो चिखल कोरू लागला. मीही दुसरी काटकी घेतली.

“पप्पा, मडगार्ड काढूनच टाकू या का?”

दोन महिन्यांतले त्याचे ते पहिले वाक्य!

म्हैसमाळ त्या दिवशी राहूनच गेले. घराचा प्रश्नही सुटला नाही. पण उतारावर तो माझ्या बेताने चालवीत होता, आणि घराविषयी प्रथमच मी त्याला विचारले, “तुला काय वाटते?”