इकडील सर्व क्षेम

गावचं घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पत्रांची तार सापडली. तळाशी लाकडी चकती, वर आकडा आणि मध्ये पोटाला भोक पडलेली शे-दीडशे पोस्टकार्डं. एके काळी ती माजघरातल्या खुंटीला असायची. आलेलं कार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं की आजोबा ते तारेत ओवायचे.

त्यात जास्त कार्डं आत्याची, मालवणकडून आलेली. वर मधोमध 'श्री', खाली 'सा. न. वि. वि.' आणि मग न चुकता एकच वाक्य: 'इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवावे.' एका पावसाळ्यातल्या कार्डावर या वाक्यानंतर लिहिलंय, की पडवीची भिंत ढासळली, कपिला गेली, 'ह्यांचा' दमा पुन्हा उचललाय. कोपऱ्यात उरलेल्या बोटभर जागेत आडवं: 'काळजी करू नये.' लहानपणी हे कार्ड वाचून मी हसलो होतो. भिंत गेली, गाय गेली, मग क्षेम राहिलं कुठे?

सुखदुःखाच्या शब्दांच्या बाबतीत मराठी माणूस तसा चिवटच. 'खुशाली' घ्या. फारसीतल्या 'खुशहाल'पासून आलेला हा शब्द. यातला 'हाल' म्हणजे नुसती अवस्था, चांगली किंवा वाईट. हिंदीत अजून तो तसाच आहे. कोणीही कोणाला 'क्या हाल है' विचारतो. मराठीत मात्र हा हाल एकटा सापडला की त्याचे हालच होतात. 'एसटीत फार हाल झाले', 'म्हातारपणी हाल नकोत.' अवस्था म्हटली की ती वाईटच असणार, असं आपण गृहीत धरलेलं दिसतं. खुशालीत तो बिचारा 'खुश'चं बोट धरून उभा आहे म्हणून बचावला. आणि 'खुशाल'चं तरी काय केलं? 'जायचंय ना? खुशाल जा!' असं आई म्हणाली, की चप्पल पायातून काढून मुकाट्याने आत यायचं असतं.

'स्वस्थ'चीही तीच गत. स्वतःच्या ठायी असलेला तो स्वस्थ, इतका खोल अर्थ. पण आपल्या घरात तो ऐकू येतो तो 'जरा स्वस्थ बस की रे!' एवढ्यापुरता. 'आलबेल' तर पहारेकऱ्यांच्या इंग्रजी आरोळीतून आलेला, 'सारं ठीक आहे' सांगणारा. आता तो बहुधा नकारातच भेटतो: 'त्या दोघांत काही आलबेल दिसत नाही.'

संस्कृताने या चौकशीतही पायऱ्या केल्या होत्या. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाला कुशल विचारावं, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य, असं सांगितलंय. 'कसा आहेस' विचारण्याआधी समोरचा कोण आहे हे बघायचं! बोलीने हे जुमानलं नाही. तिने एक दोन अक्षरी शब्द उचलला आणि सगळ्यांना सारखा वाटला: बरं.

मूळ 'वर' म्हणजे श्रेष्ठ. पण मराठीत येईतो त्याने आपला तोरा उतरवून ठेवला. 'मुलगी बरी आहे' यात कौतुक कमी आणि वाटाघाटी जास्त. ताप उतरला की माणूस 'बरा' होतो, आणि 'बरं नाही' म्हणजे आजारी. 'बरंवाईट' मध्ये तर बरं नावालाच. जे उच्चारवत नाही ते सगळं वाईटाच्या वाट्याचं. तरीही देशावर 'काय पावणं, बरं हाय का?' आणि मालवणात 'बरां आसा मां?' गोव्यात तर आभार मानायलाही हाच शब्द पुरतो: 'देव बरें करूं.' कोणी 'उत्तम' म्हणत नाही. उत्तम म्हटलं की दृष्ट लागते, शिवाय समोरचा उसने पैसे मागतो.

आत्याच्या वाक्यालाही अशीच कारणं असणार. १ जुलै १८७९ रोजी आपल्याकडे पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. स्वस्त, पण उघडं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत वाटेतल्या कोणीही वाचावं असं. अशा कागदावर घरचं उणं एकदम कसं मांडायचं? आधी दारात रांगोळी, मग आतलं दुखणं. खरी अशुभ बातमी असली तर 'श्री'च नसायचा. ते कार्ड घराबाहेर वाचून फाडून टाकत. ते खुंटीवरच्या तारेत कधी ओवलं गेलं नाही. मरणाची तार निराळी. ती पोस्टातून यायची, आणि शिपायाची सायकल दारात थांबली, की लिफाफा फोडण्याआधीच बायका रडायला लागायच्या. तीही २०१३ च्या जुलैत बंद झाली.

'क्षेम' शब्दाशी मी पुन्हा अडलो तो त्या ट्रंकेपाशी बसून. जुन्या मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे मिठी मारणे. ज्ञानेश्वरांच्या अभंगातलं क्षेम तेच. आणि 'योगक्षेम' या जोडशब्दात दोन कामं वाटून दिलेली आहेत. जे नाही ते मिळवणं हा योग. जे आहे ते राखणं हे क्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हात ते सरळ दिसतं: ओंजळ केलेले दोन हात आणि मध्ये वारा न लागू दिलेली ज्योत. खाली गीतेतला योगक्षेम.

म्हणजे आत्या खोटं लिहीत नव्हती. भिंत पडली, पण छप्पर उभं होतं. कपिला गेली, पण तिची पाडी असावी. दमा उचलला होता, तरी ते 'हे' घरात खोकत होते. तिने नुकसान मोजलं ते उरलेल्याची मोजदाद आधी करून. क्षेमचा अर्थ तिला कोशात पाहावा लागला नाही.

आता आतेभावाला फोन करतो. 'कसं काय?' 'बरां आसा.' पूर्वी मी लगेच 'चल, ठेवतो' म्हणायचो. हल्ली ठेवत नाही. घशातला खाकरा, मागे कुठेतरी रहाटाची कुरकुर, आणि मग तो म्हणतो, 'तसा काय नाय, पण...'

आत्याच्या कार्डावरही पत्र सुरू व्हायचं ते 'सर्व क्षेम'च्या नंतरच.