दोन ओळींचा रकाना

एखादं संकेतस्थळ विषयवार सूचीत नोंदवायचं म्हटलं की समोर पाच-सहा रकान्यांचा अर्ज येतो. पत्ता, नाव, भाषा, विभाग, चालवणाऱ्याचा ईमेल आणि शेवटी 'थोडक्यात वर्णन' असा दोन ओळींचा रकाना. पहिले पाच मिनिटभरात भरून होतात. सहाव्यापाशी मी अजूनही अडतो. मोडी लिपी, जुनी दप्तरं, घराण्यांची कागदपत्रं अशा विषयांची संकेतस्थळं नोंदवता नोंदवता माझं एक मत झालं आहे. सूचीला आपण खरं तर हा सहावा रकानाच देत असतो, दुवा म्हणजे त्याच्यासोबत जाणारा नुसता पत्ता. संकेतस्थळं चालवणाऱ्या बहुतेकांना हे उलट वाटतं. त्यांच्या लेखी दुवा मिळाला की काम झालं, वर्णन म्हणजे अर्ज पुढे सरकण्यासाठी भरायची जागा. सूच्या बुडाल्या त्या याच समजुतीपायी, असं मी म्हणतो.

सूच्यांची सुरुवात काही व्यापारासाठी झाली नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये 'व्हर्च्युअल लायब्ररी' नावानं विषयवार यादी सुरू केली. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांच्या आवडत्या दुव्यांच्या यादीतून 'याहू' उभं राहिलं. १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारी सूची निघाली आणि ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपनं ती विकत घेतल्यावर 'डीमॉझ' म्हणून ओळखली जाऊ लागली. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळं आणि दहा लाखांवर विभाग होते. वेळोवेळी हातभार लावलेल्या संपादकांची संख्या नव्वद हजारांच्या पुढे गेली होती. तिथला वर्णनाचा नियम कडक होता. संकेतस्थळ काय देतं ते सांगा, किती छान आहे ते सांगू नका. 'सर्वोत्तम', 'एकमेव', 'अवश्य भेट द्या' हे शब्द संपादक निर्दयपणे काढून टाकत. नोंदवणाऱ्यांना त्याचा राग येई. मला मात्र त्या नियमात जुन्या ग्रंथपालाची शिस्त दिसते. कपाटातलं कार्ड पुस्तकाची भलामण करत नाही.

मग शोधयंत्रं दुवे मोजू लागली. एखाद्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात यावरून त्याचं वजन ठरवायचं, ही गूगलची मूळ कल्पना चांगलीच होती. पण वजनाला भाव आला की काट्याखाली बोट लावणारे येतातच. याहूच्या सूचीत व्यापारी संकेतस्थळाला वर्षाला २९९ डॉलर मोजावे लागत. ते निदान उघड तरी होतं. त्यामागोमाग शेकडो फुकट सूच्या निघाल्या, ज्यांना वाचक नव्हताच. 'डायरेक्टरी सबमिशन' हे आपल्याकडच्या कितीतरी कंपन्यांत नवख्या पोरांना दिलं जाणारं रोजचं काम झालं. एकच वर्णन शब्द इकडचे तिकडे करून दिवसभर शंभर ठिकाणी चिकटवायचं. एप्रिल २०१२ मध्ये गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल करून अशा दुव्यांची किंमत उतरवली, आणि जी सूची फक्त दुव्यासाठी होती तिचं प्रयोजनच संपलं. याहूची सूचीही २०१४ च्या अखेरीस बंद झाली. दुव्याचा भाव पडल्यावर त्या फुकट सूच्यांत काहीच उरलं नाही, कारण त्यांचा वर्णनाचा रकाना आधीपासून रिकामा होता. भरलेला, पण रिकामा.

आता मोडीचं उदाहरण जवळून बघू. मोडीच्या संकेतस्थळावर बहुतेक मजकूर चित्ररूपात असतो. पत्रांची, हिशेबांची, सनदांची छायाचित्रं. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती जून २०१४ मध्ये, आणि त्यानंतरही ती वापरून लिहिलेली पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. शोधयंत्राला अशा संकेतस्थळावर वाचायला काय मिळतं? मुखपृष्ठावरचं स्वागत आणि तळाचा संपर्क. शिवकालीन पत्रांच्या दोनशे प्रतिमा आत असल्या तरी त्याच्या दृष्टीनं ते घर रिकामं. अशा वेळी सूचीतल्या दोन ओळी हाच त्या सगळ्या ऐवजाबद्दलचा वाचता येण्याजोगा एकमेव मजकूर ठरतो. या ओळी 'मोडी लिपी शिकण्यासाठी परिपूर्ण संकेतस्थळ' अशा लिहिल्या तर फुकट गेल्या. मोडी शिवकालीन, पेशवेकालीन की आंग्लकालीन, हे पहिलं सांगायला हवं, कारण वळण बदलतं आणि एकीत तरबेज असलेला दुसरीत अडखळतो. शेजारी देवनागरी लिप्यंतर आहे का? 'छ' म्हणजे चंद्र, तारखेची खूण, असे संक्षेप आणि सुहूर सन ही जुनी कालगणना उलगडून दाखवली आहे का? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्दही तोडून लिहीत नाहीत; तेव्हा नवशिक्याला लिप्यंतराशिवाय हजार प्रतिमा दिल्या तरी उपयोग शून्य.

शिवाय वाचक एका जातीचा नाही. लिपी शिकणारा विद्यार्थी, पेशवे दप्तरावर काम करणारा अभ्यासक आणि घरातला एखादा दाखला वाचून घ्यायला आलेला माणूस असे किमान तिघं आहेत. जुन्या कागदपत्रांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये राज्य सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हापासून या तिसऱ्याची संख्या फार वाढली. त्याला बाराखडी नको असते, वाचून देणारा हवा असतो. चांगलं वर्णन त्याला दारातूनच परत पाठवतं आणि त्याचा तासभर वाचवतं. नको त्या माणसाला येऊ न देणं हेही वर्णनाचंच काम आहे, आणि संकेतस्थळ चालवणाऱ्याला हे पटवणं सर्वांत अवघड जातं. भेटींचा आकडा कमी होतो ना!

यावर नेहमीचा आक्षेप असा की आता शोधयंत्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता चित्रंही वाचू लागली आहेत, मग माणसानं लिहिलेल्या दोन ओळी कशाला? मोडी वाचणारी यंत्रं घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी व्हावेत असं मलाही वाटतं. पण यंत्रानं अक्षरं लावली तरी हा संग्रह कुणासाठी लावला आहे, हे त्या अक्षरांत नसतं. आणि मराठीला यंत्राच्या भरवशावर राहण्याचा अनुभव काही बरा नाही. युनिकोड रुळण्याआधी 'शुषा', 'शिवाजी', 'किरण' अशा फाँटांत मराठी पानं लिहिली जात. डोळ्यांना मराठी दिसे, पण शोधयंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरंच असत. 'पोवाडा' असा शोध घेणाऱ्याला पोवाड्यांचं ते पान सापडणं शक्यच नव्हतं. सापडलं तर कुठल्या तरी सूचीत कुणीतरी 'मराठी, पोवाडे' असं लिहून ठेवलं होतं म्हणून.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सूची एका वस्तूला एकच कप्पा देते. मोडीचं संकेतस्थळ भाषेत घालायचं, इतिहासात की शिक्षणात? ठरलं नाही की ते 'इतर'मध्ये जातं, आणि 'इतर'मध्ये गेलेलं संकेतस्थळ माळ्यावर टाकलेल्या पितळी भांड्यासारखं असतं, आहे हे माहीत पण काढत कुणी नाही. सर्वसाधारण सूचीबाबत हे खरंच आहे. पण ग्रंथपालांनी हा गुंता फार पूर्वी सोडवला. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मद्रासहून द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात विषयाला ठरलेला कप्पा न देता त्याचे पैलू, म्हणजे वस्तू, क्रिया, स्थळ, काळ, एकमेकांना जोडत जायचे असतात. एका विषयाला वाहिलेल्या सूचीला हे सहज जमतं, कारण तिला जगाचे कप्पे करायचे नसतात. तिच्या अर्जात काळ, कागदाचा प्रकार, लिप्यंतर, ठिकाण असे रकाने येतात आणि पुण्यातलं पुरालेखागार व तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय मोडी कागदांच्या निमित्तानं शेजारी बसू शकतात.

संपादक उशीर लावतात, मनमानी करतात, ही तक्रारही खोटी नाही. डीमॉझमध्ये अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत. मात्र त्यातल्या बऱ्याचशा उशिराचं कारण दुव्यासाठी धावणाऱ्यांची गर्दी हेच होतं. दुवे मरतात, हे मात्र कुणालाच चुकत नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे सूचीत नोंद केली की संपलं असं नाही, वर्षातून एकदा जाऊन बघावंच लागतं. पण पान मेल्यावरही वर्णन नीट लिहिलेलं असेल तर काय हरवलं हे तरी कळतं, आणि तोच ऐवज दुसरीकडे शोधता येतो. नुसत्या पत्त्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून असा रकाना मी साधारण असा भरतो: 'पेशवेकालीन मोडी पत्रांच्या सुवाच्य प्रतिमा, ओळीओळीला देवनागरी लिप्यंतर, संक्षेपांची यादी. बाराखडी नाही, कागद वाचून दिले जात नाहीत, मोबाइलवर प्रतिमा मोठ्या होत नाहीत.' शेवटचा दोष लिहिल्याबद्दल संकेतस्थळवाल्याची नाराजी ठरलेली. चांगला संपादक तो दोष तसाच ठेवतो आणि यातला 'सुवाच्य' काढून टाकतो.