छडीवाचून शिस्त

माणसाचे मूल असो वा मुका प्राणी, त्यास वळण लावणे हे धीराचे काम आहे.

सेवानिवृत्तीनंतर धुळ्याच्या बाजारातून एक अनाथ पिलू मी जळगावास घरी आणले. त्याचे नाव मोती ठेवले. मार खात वाढलेले ते पोर कोणी हात उचलला की अंग चोरी. ओसरी घाण करी, वहाणा कुरतडी. "छडीवाचून कुत्रे सुधारत नाही," असे शेजारी सांगत. वळण न लागते, तर त्यास पुन्हा रस्त्यावर सोडावे लागले असते.

मला आमच्या खानदेशातील अमळनेर आठवले. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर ते रागावत नसत; स्वतःच झाडून काढीत, कपड्यांच्या घड्या घालीत. मुले ओशाळत आणि आपण होऊन नीटनेटकी राहू लागत.

कुत्र्यास ओशाळणे कोठून ठाऊक? परंतु कोणत्या कृतीपाठोपाठ सुख मिळते, हे ते चटकन ओळखते. म्हणून मोती हाकेसरशी आला की मी तत्क्षणी भाकरीचा तुकडा देई. जेवण होताच व झोपेतून उठताच त्यास अंगणात नेई. वहाण धरली, तर ती काढून घेऊन चघळावयास कापडाची गाठ देई. सर्वांनी एकाच शब्दाने हाक मारावी, असा घरात नियम केला.

दोन महिन्यांत ओसरी स्वच्छ राहू लागली, आणि उचललेल्या हाताकडे मोती शेपूट हलवीत पाहू लागला.

मुलांनो, छडीचे भय छडीबरोबरच निघून जाते. प्रेमाने लागलेले वळण मात्र कोणी पाहत नसतानाही टिकते.