चौदा नियमांतलं ‘वाहन’



मागच्या चातुर्मासातली गोष्ट. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. घरापासून स्थानक चालत दहा मिनिटांवर, पण चिखलात पाय भरतील म्हणून मी कार काढली. गल्लीत कोरडी जागा दिसली तिथे लावली आणि प्रवचनाला बसले.

प्रवचनानंतर आम्ही बायका बोलत उभ्या राहिलो. बाहेर येऊन पाहते तर दोन महासतीजी गोचरीची पात्रं घेऊन माझ्या गाडीपाशी थांबलेल्या. कोरडी वाट माझ्या गाडीने अडवलेली, बाकी रस्त्यावर पाणी आणि कडेला हिरवं गवत. त्यावर त्या पाय कसा ठेवणार? मी पर्समध्ये किल्ली शोधेपर्यंत त्या शांतपणे मागे वळल्या. गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. त्यांना स्थानकात येणं होत नाही. रोज दारात बसून भावना भावतात. त्या दिवशी त्यांच्या दारी गोचरी झाली नाही.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. पण संध्याकाळी प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणताना जीभ अडखळली. जाता-येता पायाखाली आलेल्या बीजाची, हिरवळीची, मुंगीची आपण रोज क्षमा मागतो. चाकाखाली काय काय येतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

आपल्या चौदा नियमांत ‘वाहन’ आहेच. आज किती वाहनं वापरीन, याची मर्यादा सकाळीच करायची. मी वर्षानुवर्षं ‘तीन’ म्हणत आले. कार, स्कूटी, ऑटो, सगळं त्यात बसायचं. ज्या नियमाने काहीच सुटत नाही, तो कसला नियम?

घरी बोलले तर मुलगा म्हणाला, “आई, आपण इलेक्ट्रिक घेऊ. धूर नाही, आवाज नाही.” त्याचं चूक नाही. गल्लीतली हवा नक्कीच सुधारेल. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर होते, आणि कोळशाच्या खाणी तर आपल्याच जिल्ह्यात, वणीला आहेत. शिवाय इलेक्ट्रिक गाडीही त्या गल्लीत तेवढीच जागा अडवणार. ह्यांनी विचारलं, “मग गाडी विकायची का?” तसंही नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला ती लागतेच.

तेव्हा मला माथेरान आठवलं. तिथे सगळ्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी किंवा घोड्यावर. कित्येक वर्षं माणसाने ओढलेल्या रिक्षाही होत्या. माणसाने माणसाला ओढायचं हे पाहवत नव्हतं. डिसेंबर 2022 मध्ये तिथे प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्याचं वाचून बरं वाटलं. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला वाहन, बाकीच्यांनी चालायचं. तिथे हे कायद्याने होतं. आपल्याला तर सकाळच्या पच्चक्खाणातच ती सोय दिली आहे.

आता स्थानकात आणि भाजीला मी पायीच जाते. बहुतेक दिवशी वाहन शून्य, लांब जायचं असेल तर एक. पर्युषणाच्या आठ दिवसांत आम्ही काही जणींनी गाड्या मोठ्या रस्त्यावरच थांबवल्या. वयस्कर बायकांना ऑटोने दारापर्यंत सोडलं. गुडघे थोडे कुरकुरले, पण गल्ली मोकळी राहिली.

त्या आजींना मी जाऊन सगळं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, “अगं, भावना तर मी भावलीच होती.”

त्यांचं पुण्य त्यांना मिळालं. माझा दोष माझ्यापाशी उरला.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.