गळ्यापासून खाली, एका दोऱ्यात

हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? स्वेटर गळ्यापासून खाली विणता येतो! पाठ वेगळी, पुढचे दोन पल्ले वेगळे, बाह्या वेगळ्या आणि शेवटी सगळे तुकडे जुळवून शिवत बसायचं, यातलं काही म्हणजे काही नाही. गळ्याशी टाके घालायचे आणि खांदे, छाती, कंबर असं उतरत जायचं; हवं तिथे थांबायचं. आणि खरी गंमत पुढेच आहे. अर्धामुर्धा झालेला स्वेटर सुयांसकट अंगात घालून बघता येतो! शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला शिकलेलं सुलट-उलट आणि एखाददुसरा मफलर एवढ्या पुंजीवर मी यात उडी घेतली. सध्या घरात माझ्याशी दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलायची सोय राहिलेली नाही.

तसं पाहिलं तर पुण्यात राहून स्वेटर विणायची बुद्धी व्हायचं कारणच नाही. ऐन थंडीत पहाटे ११-१२ अंश आणि दुपारी ३० च्या घरात. सकाळी दुचाकीवर दात वाजतात, बाराला तोच स्वेटर कमरेला बांधून हिंडायचं आणि ऑफिसातल्या एसीत पुन्हा कुडकुडायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर एका दिवसात दोन ऋतू. अशा हवेला जाडजूड स्वेटर काय कामाचा? इथे हवं ते पातळ, पुढून उघडं, पटकन चढवता-उतरवता येणारं, घडी घालून पर्समध्ये मावणारं कार्डिगन. आमच्या शाळेतल्या बाई साडीवर घालायच्या ना, तेच! त्या बायकांना सगळं ठाऊक होतं. जॅकेटांच्या नादी लागलो ते आपण.

लोकर कुठली घ्यावी हे विचारायला शेजारच्या काकूंकडे गेले, तर त्यांनी आधी सुयांचा डबाच काढला. ‘‘लोकर बारीक घे, पण सुई जरा जाड घे. सगळी मेख तिथे आहे.’’ आपल्याकडे सुयांचे जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात नंबर मोठा तितकी सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. फोर प्लाय लोकर १० नंबरवर विणली की कापड दाट, घट्ट होतं. तीच ८ नंबरवर घेतली की टाके मोकळे होतात आणि कापडाला असा काही सुळसुळीतपणा येतो की हातातून सोडवत नाही! पातळ असूनही ते उबदार राहतं, कारण ऊब धरून ठेवते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा, आणि लोकरीचा तंतू जन्मजात कुरळा. शिवाय तो वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओला लागत नाही.

पण लोकरी-लोकरीत फरक असतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी धनगराच्या खांद्यावर शोभते आणि पावसापाण्यात टिकते, पण गळ्याशी ती टोचणारच. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनपेक्षा बारीक, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता करा हिशेब! सुया तुळशीबागेत मिळाल्या, मेरिनो मात्र मागवून घेतली. १०० ग्रॅमच्या लडीत ४०० मीटर दोरा. अशा तीन लड्यांत अख्खं कार्डिगन, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास दोरा आणि वजन जेमतेम ३०० ग्रॅम.

गळ्यापासून विणायची युक्ती दाखवली ती माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने. युक्ती म्हणजे नवलाई नव्हे हं. बार्बरा वॉकर नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७२ मध्ये यावर ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ हे अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय. गळ्याशी ९०-१०० टाके घालायचे आणि त्यांचे पाच हिस्से करायचे: पल्ला, बाही, पाठ, बाही, पल्ला. दोन-दोन हिस्स्यांच्या मध्ये सुईवर एकेक अशा चार रंगीत रिंगा अडकवायच्या. दर सुलट सुईला, म्हणजे ओळीला, प्रत्येक रिंगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक टाका वाढवायचा. बस, इतकंच! एका सुईत आठ टाके वाढतात आणि गळ्यापासून काखेकडे चार तिरप्या रेघा आपोआप उमटत जातात. हीच ती रॅगलन बाही. १८१५ साली वॉटर्लूला उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनच्या नावाची.

काख आली की बाह्यांचे टाके जुन्या दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवायचे, काखेत थोडे नवे टाके घालायचे आणि पल्ले-पाठ सलग विणायची. यासाठीच्या दोन आखूड सुया मधे लवचिक वायरने जोडलेल्या असतात, त्यामुळे दोन-अडीचशे टाके त्यावर आरामात मावतात. तिथेच मी उठले आणि आरशासमोर उभी राहून ते चढवलं. काखेत दोन बोटं जागा कमी वाटली. बाह्या पुन्हा सुईवर घेतल्या आणि आणखी चार सुया वाढवल्या. शिंपी नाही, ट्रायल नाही, ‘परवा या’ नाही!

आणि त्यातलं गणित! विणायला बसण्याआधी एक चौकोन विणून, धुऊन मोजायचा असतो. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये आडवे २४ टाके आणि उभ्या ३२ ओळी आल्या. २४ च्या जागी २२ आले असते तर? २४० टाक्यांचा १०० सेंटिमीटरचा घेर थेट १०९ वर गेला असता. नुसत्या दोन टाक्यांनी! पुढच्या काठाची पट्टी विणताना कडेचे टाके उचलावे लागतात, तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘चार ओळींना तीन टाके उचल.’’ का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईने सांगितलं म्हणून. मी चौकोनाकडे पाहिलं आणि किंचाळलेच. ३२ ला २४, म्हणजे चाराला तीन! टाका जितका रुंद तितका तो उंच नसतो, म्हणून.

पट्टी लागतेच, कारण सुलट टाक्यांचं साधं कापड कडेला गुंडाळतं. एक सुलट-एक उलट घातलं की ते गप्प बसतं. त्याच पट्टीत काजं करायची. काजं कापावी लागणार म्हणून मी धास्तावले होते, तर काकूंनी सुईवर दोरा घेतला, पुढच्या दोन टाक्यांचा एक केला आणि पुढे विणत गेल्या. उलट येताना बघते तर इवलंसं गोल भोक तयार! एक टाका वाढला, एक घटला, बेरीज तीच. जाळीची नक्षी करतात तीसुद्धा हेच करून. म्हणजे एक भोक पडलं तर काज आणि शंभर पडली तर नक्षी!

विणून झालं की गार पाण्यात भिजवायचं, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सपाट पसरून टाचण्यांनी बेतात बसवायचं. माझे वेडेवाकडे टाके सकाळपर्यंत असे एका ओळीत आले की घरच्यांना ते विकतचं वाटलं. आता ते सकाळी अंगात, दुपारी पर्समध्ये, संध्याकाळी पुन्हा अंगात. पुढचं सुती दोऱ्याचं सुरू केलंय, मार्चसाठी.

जन्मभर तुकडे शिवून स्वेटर केलेल्या काकूंनीही नातवासाठी गळ्यापासून टाके घातलेत. परवा रात्री दहाला त्यांचा फोन. ‘‘अगं, बाह्या कितीव्या सुईला सोडू?’’

म्हटलं, ‘‘काकू, मोजता कशाला? त्याला उठवा आणि घालून बघा!’’