चार अक्षरांचा सौदा

यवतमाळात बसून डोमेन विकतो म्हटलं की लोकांना वाटतं, हा वेबसाईट बनवून देतो. मी फक्त नावं विकतो. तीही कंपनीच्या आद्याक्षरांना बसतील अशी आखूड.

इंग्रजीची अक्षरं 26. त्यांतून तीन अक्षरी नावं होतात 17,576. डॉट कॉममधली ती केव्हाच संपली. हवंच असेल तर मालकाची मनधरणी करा. फेसबुकनं 2010 मध्ये एफबी डॉट कॉम घेतलं ते अमेरिकन फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेकडून, 85 लाख डॉलर मोजून. कापसाच्या जिल्ह्यात हा किस्सा मी आवर्जून सांगतो. ऐकणारा खुर्ची पुढे ओढतोच.

माझं गिऱ्हाईक मात्र डॉट इनचं. त्यात शेतकरी उत्पादक कंपन्या बऱ्याच. कायद्यानं त्यांच्या नावाला ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शेपूट लावावंच लागतं, आणि पुढे गावाचं नाहीतर देवाचं नाव. पाटीवर न मावणारं नाव ईमेलमध्ये कुठून मावणार? मग आद्याक्षरं. पण शेवटची पी-सी-एल सगळ्यांची सारखीच, सगळी मदार पहिल्या एक-दोन अक्षरांवर. दारव्ह्याकडचे एक संचालक आले, कंपनीचं नाव ‘ह’वरून. “भाऊ, चारच अक्षरं पाह्यजे.” मी कागदावर लिहिलं, एचपीसीएल. ते हसले, “हा त पेट्रोल पंप झाला!” असलं नाव मोकळं सापडलं तरी मी विकत नाही. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्येच सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगून ठेवलंय. तिथे भांडण होतं सिफी आणि सिफीनेटचं.

नाव पसंत पडलं की ते फोनवरून घरी कुणाला तरी सांगायला लावतो. रेंज कमी असली की बी, डी, पी, टी सगळं एकच ऐकू येतं. डब्ल्यू तर एकटाच तिघांची जागा खातो. तरी वणीत डब्ल्यूसीएल पोराटोरांच्या तोंडी आहे, कारण कोळसा खाण तिथे त्याच नावानं ओळखतात. उलट 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन एमएसईडीसीएल झालं, ते काही जिभेवर बसलं नाही. लोक अजून एमएसईबीच म्हणतात आणि कंपनीची साईट आहे महाडिस्कॉम डॉट इन. सभासदच आपल्या कंपनीला आद्याक्षरांनी हाक मारत नसतील, तर मी सरळ सांगतो: गावाचं नाव घ्या, काही शे रुपयांत काम होईल. त्यात माझा धंदा बुडतो, पण गिऱ्हाईक पुन्हा येतं.

घेणारच असाल तर नोंदणी कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर करून घ्या. सचिवांच्या भाच्याच्या नावावर नको. भाचा पुण्याला नोकरीला जातो, नूतनीकरणाचा मेल त्याच्याकडेच पडून राहतो, आणि मुदत उलटून मोकळं झालेलं नाव माझ्यासारखाच कुणीतरी उचलतो.